ठिगळ्या आणि बारा सत्तावीस

माझ्या भाचीच्या लग्नाचा मुहूर्त बारा सत्तावीसचा होता आणि ठिगळ्या कसाऱ्याहून सुटला अकरा अठराला. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी याव्यात यात माझा काय दोष, असं मी नंतर बायकोला विचारलं. माधुरीने भांडी जरा जोरात ठेवली.

आधी ठिगळ्या कोण ते सांगतो, नाहीतर तुम्ही म्हशाच्या जत्रेतला एखादा बैल समजाल. ठिगळ्या म्हणजे रेल्वेचं इंजिन. जुनं, एसी आणि डीसी अशा दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणारं, ज्यांची सद्दी आता संपत आली आहे त्यांच्यातलं एक. ड्रायव्हरच्या दाराखाली कधीतरी त्याचा पत्रा बदलला होता आणि त्या पत्र्याचा रंग बाकीच्या अंगाशी कधीच जुळला नाही. उन्हात तर तो तुकडा मैलावरून ओळखू यायचा. नाव माझ्या भाचीने, मितालीने ठेवलं. तेव्हा ती नऊ वर्षांची होती, आणि माझ्या कॅमेऱ्याची पिशवी गळ्यात अडकवून आमच्या ताईच्या घरामागच्या बांधावर उभी होती. "मामा, ठिगळवाला आला!" म्हणून ओरडली. तेव्हापासून तो ठिगळ्या.

माझं नाव गणपत हरड. गणू म्हणतात. म्हशाजवळ घर आणि मुरबाडला पाण्याच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान. आमच्या तालुक्यात रेल्वे नाही. येणार येणार म्हणतात, पण अजून तरी आलेली नाही. ज्याच्या गावात विहीर त्याला पाण्याचं काय कौतुक, तसं शहापूरकडच्या लोकांना गाड्यांचं काही वाटत नाही. मला वाटतं. रविवार आला की दुकान बंद करून मी मोटारसायकल काढतो आणि सरळ ताईच्या गावी, आसनगाव आणि आटगावच्या मधे. तिच्या घरामागे भेंडीची शेतं आहेत, आणि शेतं संपली की रेल्वेचं वळण. गेली वीस वर्षं मी तिथे फोटो काढतो आहे. गाड्या काढतो, स्टेशनबाहेर उभ्या राहिलेल्या रिक्षा काढतो, दुधाचे कॅन लटकवलेल्या फटफट्या, जत्रेला टेम्पोतून उतरणारे बैल, फाटक उघडायची वाट बघणारी माणसं. पैसे मिळतात का, असं लोक विचारतात. नाही मिळत. मग का काढतो, असं विचारतात. मला राग येतो. ते दिवसभर क्रिकेट बघतात तेव्हा मी काही विचारतो का?

तर मी शांत माणूस नाही. जेवताना दोनदा उठतो. रांगेत उभा राहिलो की पुढच्याच्या खांद्यावरून किती जण आहेत ते मोजत राहतो. माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणायची. माधुरी म्हणते, भिंगरी तरी कधी थांबते.

ताईचं नाव सुंदरा. तिला एकच मुलगी, मिताली, आणि मितालीला एकच मामा, मी. आमच्याकडे नवरीला घरातून मांडवात आणायचं काम मामाचं. ते बापाने करायचं नाही, भावानेही नाही. मामाने हाताला धरल्याशिवाय नवरीने उंबरा ओलांडायचा नाही, आणि पहिल्यापासून असंच चालत आलंय. हळदीच्या संध्याकाळी ताईने मला चुलीमागे बाजूला घेतलं.

"गणू, उद्या तुझं एकच काम हाय. हाक आली की पोरीला मांडवात आणायची. बाकी कशाला हात लावू नको."

"नाय लावत."

"आणि गाडी-बिडी दिसली तर डोळे मीट."

ती हे उगाच म्हणत नव्हती. मितालीच्या अकरावीच्या प्रवेशाला मी तिला शहापूरला घेऊन जाणार होतो. तिला आसनगावच्या पुलावर थांबायला सांगितलं, आणि त्याच दिवशी मार्ग बदललेली एक गाडी येणार असल्याचं कळलं. मी पोचलो तीन तासांनी. ती पुलावर उभीच होती. मला वाटलं आता रडेल नाहीतर भांडेल. ती म्हणाली, "मामा, तेवढ्यात मी अकरा गाड्या बघितल्या." प्रवेश दुसऱ्या दिवशी झाला. ताई माझ्याशी महिनाभर बोलली नव्हती.

आता मिताली चोवीस वर्षांची होती आणि शहापूरला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करत होती. नवरा भिवंडीकडचा, हर्षित, शांत मुलगा. हळदीने माखलेली ती माझ्यापाशी आली तेव्हा मी तिला फोन दाखवला. आमच्या गाड्यांच्या ग्रुपवर बातमी होती: ठिगळ्या भंगारात निघालाय.

"कधी?" तिने विचारलं. फोनला हळद लागू नये म्हणून हात मागे धरले होते.

"दोन-चार दिवसांत. नक्की नाय."

"तू काढशील ना रे शेवटचा?"

"बघू."

"बघू काय? काढ."

एवढंच बोलणं झालं. मी पुढे जे काही केलं त्याला हे कारण होतं असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. ते पूर्ण खरं नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी माधुरीने माझी झडती घेतली. कॅमेऱ्याची पिशवी तिने स्वतःच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. पिशवी रिकामी होती. कॅमेरा दुकानाच्या टेम्पोच्या सीटखाली, जॅकच्या शेजारी, गोधडीत गुंडाळून ठेवला होता. का ठेवला होतास, असं विचाराल तर मला तेव्हाही सांगता आलं नसतं. कॅमेरा घरी ठेवून घराबाहेर पडलो की चप्पल विसरल्यासारखं वाटतं.

मांडव भरला. माझ्या डोक्यावर गुलाबी फेटा, अंगात नवा पांढरा सदरा, पायात चावणारे बूट. नवरदेव खुर्चीवर बसून शांतपणे सरबत पीत होता. गुडघ्याला बाशिंग बांधलं होतं ते माझ्या. दर पाच मिनिटांनी मी फोन बघत होतो, आणि अकरा वीसला तो थरथरला.

सुनिलचा निरोप होता. सुनिल कसाऱ्याला स्टेशनाबाहेर चहा विकतो आणि त्याच्या नजरेतून सुटून मुंगीसुद्धा घाट उतरत नाही. "ठिगळ्या निघाला. अकरा अठरा. मालगाडीला, पुढच्या इंजिनामागे बांधलाय. ठिगळ तुमच्या बाजूनं."

ठिगळ तुमच्या बाजूनं. तो उलटा बांधला असता तर मी जागेवरून हललो नसतो, असं मला वाटतं. बघण्यासारखं काही राहिलंच नसतं. पण ठिगळ आमच्या बाजूने होतं.

मी हिशेब केला. कसाऱ्याहून वळणापर्यंत साधारण पन्नास मिनिटं. म्हणजे बारा-सव्वाबारा. शेतातून परत यायला सात मिनिटं. मुहूर्त बारा सत्तावीस. पाच मिनिटं शिल्लक उरत होती. आता ज्याने वीस वर्षं रुळाकाठी काढली आहेत त्याला एक गोष्ट पाठ असते, की मालगाडीला टाइम नसतो. मागून मेल आली की तिला बाजूला घेतात, लोकल आली की थांबवतात. ती निघते तेव्हा निघते आणि येते तेव्हा येते. नव्या पोरांना मीच हे शिकवतो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, तसं झालं.

तेवढ्यात पाण्याची मोटार बंद पडली. खरोखरच पडली, मी काही केलं नव्हतं. आचारी ओरडायला लागले. ताई इकडे तिकडे बघायला लागली आणि तिची नजर माझ्यावर आली.

"मी बघतो," मी म्हणालो.

"लवकर ये."

मोटारीचा फक्त खटका पडला होता. मी तो वर केला, पाणी आलं, आणि मी टेम्पोकडे गेलो. ताईशी मी खोटं बोललो नव्हतो. फक्त परत जाऊन मोटार सुरू झाली हे सांगितलं नाही.

शेतात कोंडूबाबा भेंडी तोडत बसला होता. हा सत्तरीचा म्हातारा, शेत त्याचंच. वीस वर्षं मी त्याच्या बांधावर उभा राहतो आणि वीस वर्षं तो तेच विचारतो.

"आली का गाडी?"

"येईल आता."

"लगीन हाय ना तुमच्याकडं?"

"बाराला येईल ती. लगेच जातो."

त्याने माझ्या फेट्याकडे बघितलं आणि पुन्हा भेंडीत हात घातला.

ऊन डोक्यावर होतं, फोटोला सगळ्यात वाईट वेळ. इंजिनाच्या तोंडावर सावली पडते, पण ठिगळ कडेला होतं, त्याच्यावर नीट उजेड येणार होता. मी जागा धरली. कुंपणाच्या अलीकडे, बांधावरच. एक लोकल गेली. एक लांब पल्ल्याची गेली. बारा वाजले, बारा पाच झाले. बारा सहाला निरोप आला, सुनिलचा नाही, ग्रुपवर कोणीतरी लिहिलं होतं: खर्डीला बाजूला घेतलाय.

त्याच क्षणी मी परत फिरायला पाहिजे होतं. इथपर्यंत जे झालं त्यात मी जरा माफ होण्यासारखा आहे, पुढे नाही. खर्डीला बाजूला घेतला म्हणजे दहा मिनिटंही असू शकतात आणि पाऊण तासही. मी बांधावरून दोन पावलं खाली उतरलो, परत वर आलो. परत उतरलो. कोंडूबाबा बघत होता.

"लघवीला जायचंय का?" त्याने विचारलं.

"नाय हो!"

बारा पंधराला ग्रुपवर आलं: सुटला. मी सुटलेल्या वेळेत खर्डीपासूनचं अंतर मिळवलं. बारा पस्तीस, अगदी वेगात आला तर बारा बत्तीस. मुहूर्त बारा सत्तावीस. पण मुहूर्तावर लग्न कुठे लागतं? भटजींची मंगलाष्टकं असतात, मग कोणीतरी हौशी बाई स्वतःची रचलेली म्हणते, मग पुढाऱ्यांचे सत्कार. आपल्याकडे बारा सत्तावीस म्हणजे पाऊण. अशी सगळ्या जगाची कारणं मला सुचत होती. सुचत नव्हती ती फक्त घरी जायची वाट.

आणि मग माइक सुरू झाला.

ताईच्या मांडवाचे कर्णे दोन होते आणि त्यातला एक बरोबर शेताकडे तोंड करून बांधला होता. माइकवर साईनाथ होता. पंचक्रोशीतल्या सगळ्या लग्नांत तोच बोलतो, आणि त्याचा आवाज एकदा लागला की गुरंसुद्धा मान वर करतात.

"वधूचे मामा श्री. गणपत हरड यांनी नवरीस घेऊन मंडपात उपस्थित राहावे ही विनंती."

कोंडूबाबाने हात थांबवले. "तुलाच बोलवतात ना रे?"

"हो."

"मग?"

"पहिलंच बोलावणं आहे. दोन-तीनदा बोलवतात."

रूळ मोकळे होते. लांबचा सिग्नल लाल होता. लाल म्हणजे एखादी गाडी त्याच्यापलीकडे अडून उभी असणार. मी कॅमेरा डोळ्याला लावला, वळणाच्या टोकाला एक दिवा दिसल्यासारखा वाटला. उन्हाची झळ असेल किंवा दिवाच असेल.

"मामा, गणपत हरड, आपण जिथे असाल तिथून त्वरित मंडपात यावे. मुहूर्ताची वेळ झालेली आहे."

बूट चावत होते. फेट्याखाली घाम सुटून कानामागून वाहत होता. मी फोनकडे बघितलं. माधुरीचे नऊ मिस्ड कॉल होते. फोन मीच मुका केला होता.

"मामा, भात निवतोय," साईनाथ म्हणाला आणि मांडवातलं हसू कर्ण्यातून शेतापर्यंत आलं.

मला साईनाथचा राग आला. एवढा राग आला की आपण कुठे उभे आहोत ते क्षणभर विसरलो. चारशे माणसांत माझ्या नावाने हशा! मग लक्षात आलं की हशा काही उगाच होत नव्हता. मी कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यातून काढला. खरंच काढला. आता जायचं, ठिगळ्या गेला खड्ड्यात, असं मनाशी म्हटलं आणि बांध उतरलो.

तेवढ्यात कर्ण्यात खरखर झाली. कोणीतरी माइक दुसऱ्याच्या हातात दिला. मला वाटलं ताई. ताई असती तर मी पळतच गेलो असतो.

"मामा, मी मिताली." तिचा आवाज जरा कापत होता. इतक्या माणसांसमोर ती कधी बोलली नव्हती. "मोटार कधीच चालू झाली, म्हणजे तू कुठं असशील ते मला म्हाईत हाय. ठिगळ्या गेला का रे? नसल गेला तर येऊ दे त्याला. मी थांबलीय. नीट काढ."

कर्णा बंद झाला. कुठेतरी एक टिटवी ओरडत होती.

मी काय करायला पाहिजे होतं ते तुम्हाला कळतंय. मलाही कळत होतं. आता मी काय केलं ते सांगतो. मला बरं वाटलं. छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं. आपल्या माणसाने आपल्याला ओळखलं, परवानगी दिली, आता घाई नाही. मी वळलो, बांधावर परत चढलो आणि कॅमेऱ्याचा पट्टा पुन्हा गळ्यात घातला.

"पोरगी भली हाय," कोंडूबाबा म्हणाला.

"भलीच हाय."

त्याने चार भेंड्या तोडल्या, टोपलीत टाकल्या. मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, "पण भल्या मानसाला थांबवायचं तरी किती?"

मी घड्याळ बघितलं. बारा एकोणचाळीस झाले होते. सिग्नल लालच. ताईच्या मांडवात आता काय चाललं असेल ते मला दिसायला लागलं, आणि ते दिसू नये म्हणून मी सारखा कॅमेऱ्यातून वळणाकडे बघत होतो. नवरदेव अंतरपाटामागे उभा असेल. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात दुखत असतील. अक्षता मुठीत भिजल्या असतील. नवरीने माइकवर बोलायचं नसतं, आणि आपल्या लग्नाचा मुहूर्त मालगाडीसाठी थांबवायचा तर मुळीच नसतो. हे तिला माहीत होतं. ते माहीत असून ती बोलली होती. आणि मी इथे उभा राहून तिने दिलेली वेळ खर्च करत होतो.

बारा शेहेचाळीसला सिग्नल हिरवा झाला.

बारा अठ्ठेचाळीसला तो आला. आधी पुढचं चकचकीत इंजिन, आणि त्याच्यामागे मान खाली घातल्यासारखा ठिगळ्या. दिवे बंद, डोक्यावरचा, तारेतून वीज घेणारा सांगाडा मिटलेला, खिडक्यांवर खडूने काहीतरी लिहिलेलं. दाराखाली ठिगळ. उजेड त्याच्यावर असा पडला होता की मी देवाकडे मागितला असता तरी याहून चांगला मिळाला नसता. मी सात फोटो काढले. तिसऱ्यातच काम झालं होतं, बाकीचे सवयीने काढले. मालगाडीचे डबे संपेपर्यंत मी थांबलो नाही, एवढं एक माझ्या बाजूने लिहून ठेवा.

पळत निघालो. भेंडीतून, चिखलातून, ओढ्याच्या दगडांवरून. फेटा सुटला, त्याचा शेमला मागे भेंडीच्या झाडांना अडकत होता. एक बूट चिखलात राहिला, तो उपटून हातात घेतला. कॅमेरा छातीवर आपटत होता आणि मागे डब्यांचा खडखडाट अजून चालूच होता.

मागच्या दाराने शिरलो. ओटीवर बायका बसल्या होत्या, त्या बाजूला झाल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. माधुरीने माझ्या गळ्यातला कॅमेरा काढून घेतला आणि तो कुठे ठेवावा ते न सुचून स्वतःच्या पदराखाली धरला. ताई पुढे आली. मी मार खायच्या तयारीत होतो. तिने माझा फेटा डोक्यावर बसवला, शेमला मागे ओढला, इतका जोरात की मान लचकली. तिच्या बोटांना हळदीचा वास येत होता.

"बूट घाल," ती म्हणाली. एवढंच.

बाहेर मांडवात नवऱ्याकडची कुणी बाई मोठ्याने बोलत होती, मुद्दाम आत ऐकू जाईल अशी. "नवरीच माइकवर बोलते. असं आमच्यात नाय बघितलं बाबा कधी. पुढं काय काय बघायला लागेल."

मिताली आतल्या खोलीत पाटावर बसली होती. मी आणलेली पिवळी साडी, कपाळाला मुंडावळ्या, हात मांडीवर. पंख्याचा वारा तिथपर्यंत येत नव्हता. कपाळावरचं कुंकू घामाने जरा पसरलं होतं. अर्धा तास तरी ती तशीच बसली असणार. बाहेरचं ते बोलणं तिला ऐकू आलं नसेल असं होणारच नाही, कारण मधे फक्त एक पडदा होता.

मला बघून ती उठली. पहिली गोष्ट तिने विचारली ती ही:

"मिळाला का रे?"

मिळाला म्हणावं, तर ती इथे घामाने भिजत असताना मी तिथे उभा राहून हवं ते घेऊन आलो, असं होत होतं. नाही म्हणावं तर तेवढी तरी शिक्षा मला झाली असं सगळ्यांना वाटेल. मला शिक्षा हवी होती. त्या क्षणी कोणी कानाखाली दिली असती तर मी त्याचे पाय धरले असते.

"नाय मिळाला," मी म्हणालो.

तिचा चेहरा उतरला. आतापर्यंत एकदाही रडली नव्हती, बाहेरचं सगळं ऐकूनही रडली नव्हती, आता तिचे डोळे भरून आले.

"असं कसं? मग मी उगाच थांबवलं रे सगळ्यांना."

तेव्हा मला कळलं की मी तिच्याकडून तेवढंही काढून घेत होतो. तिने ज्यासाठी सगळं अंगावर घेतलं ते फुकट गेलं असं सांगत होतो, आणि तेही स्वतःला बरं वाटावं म्हणून.

"मिळाला गो," मी म्हणालो. "मस्करी केली."

"खरं सांग."

"खरं. तुझ्या गळ्याची शप्पत. ठिगळ दिसतंय दाराखालचं. एकदम नीट."

"ऊन होतं त्याच्यावर?"

"होतं."

ती हसली. काजळ पसरू नये म्हणून बोटाच्या टोकाने डोळे टिपले. "मग झालं," म्हणाली. "आता चल. लोकं वाट बघतात."

बाहेर साईनाथने माइक हातात घेतला, "मामा आलेले आहेत," म्हणाला, आणि या वेळी त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. कोणी हसलं नाही. मी हात पुढे केला. पडदा बाजूला झाला आणि चारशे तोंडं आमच्याकडे वळली.

माझी समजूत अशी होती की सगळे माझ्याकडे बघतील. मी तयार होतो. चिखलाची पँट, सुटलेला फेटा, बघण्यासारखा मीच होतो. पण माझ्याकडे कोणीच बघत नव्हतं. पुढच्या रांगेत हर्षितची आई बसली होती, तिची नजर मितालीवर होती. तिच्या शेजारच्या बाईचीही. आणि त्यांच्या मागच्या सगळ्या बायकांची. चूक मी केली होती, आणि मिताली उद्यापासून ज्या घरात राहणार होती त्या घराच्या हिशेबी ती चूक तिच्या नावावर लागली होती.

माझे पाय उंबऱ्यापाशीच अडकले. जन्मभर एका जागी न ठरलेले पाय, आणि आता उचलेनात. भाचीचा हात मामाने धरायचा असतो, पण मितालीने माझा हात धरला, घट्ट, बोटांत बोटं घालून. "चल ना, मामा," ती हळूच म्हणाली. मग ती पुढे आणि मी तिच्या अर्धं पाऊल मागे, असं आम्ही निघालो. तिनेच मला मांडवात नेलं.